डोकं अजून वरच आहे

"डोकं अजून वरच आहे," डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत म्हणाल्या, आणि मी आधी माझ्याच डोक्याला हात लावला. हसू नका. पोटावर ते गार, बुळबुळीत जेल फासलेलं, नववा लागलेला, साडी कुठवर सरकलीय याचा पत्ता नाही, अशा वेळी कुणी डोकं म्हटलं तर माणसाला स्वतःचंच आठवतं. मग बाईंनी पडद्यावरच्या एका पांढरट गोलावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या उजव्या बरगडीखाली हलकेच टकटक केलं. "हे इथं डोकं. कुल्ले खाली. छान बसलंय बघा. पायाळू म्हणतात ना तुमच्याकडं, तसं." तुमच्याकडं, म्हणे. बाई पुण्याकडच्या, उमरग्यात येऊन त्यांना अजून इथला उन्हाळाही अंगवळणी पडला नव्हता. मी नुसती मान डोलावली. मी स्वतः पायाळू आहे हे त्यांना सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की पुढं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. शिकलेला माणूस आधी हसतो, मग म्हणतो, तसा माझा यावर विश्वास नाही, पण परवापासून कंबरेत जरा लचक भरलीय.

बाहेर आले तर हायवेवर हैदराबादकडं जाणारे ट्रक खोळंबून हॉर्न देत होते. उत्कर्षचा फोन आला. माझा नवरा, विमा कंपनीच्या ऑफिसात आहे आणि कुठल्याही बातमीत आधी धोका शोधायची त्याला सवय आहे, पण त्या दिवशी त्यानं फक्त विचारलं, "बाळ कसंय?" मी म्हणाले, "बसलंय." तो म्हणाला, "अरे वा!" त्याला वाटलं, बसलंय म्हणजे स्थिरावलंय. मी उमरग्याच्या बसस्थानकात नियंत्रक आहे. दिवसभर खिडकीत बसून माईकवरून कुठली गाडी कुठं लागली ते सांगते, रजेवर जाईपर्यंत सांगत होते, आणि गाडी उलटी लावणाऱ्या ड्रायव्हरला सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं झापते. आता माझ्याच पोटात गाडी उलटी लागली होती आणि मला तोंडातून शब्द काढता येईना. उत्कर्षला नीट समजावून सांगितलं तेव्हाही तो परत तेच म्हणाला, "पण बाळ बरं आहे ना?" बरं आहे, म्हटलं. ठोके चांगले, वजन चांगलं, पाणी चांगलं. माझं कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते तेव्हा लक्षात आलं नाही. मी फक्त रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या बाटलीभर पाणी संपवलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मुरुमला आईकडं, आमच्या अव्वाकडं, आले होते. अप्पा जाऊन काही वर्षं झाली, घरात ती आणि मी. या घराच्या सोप्यात माझं सगळं लहानपण लोकांच्या पाठीवर गेलं, हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. सकाळी दात घासायच्या आधी कुणीतरी येऊन बसलेलं असे. उसण भरलेला माणूस लांबूनच ओळखू येतो, तो चालत नाही, स्वतःला उचलून आणतो. अप्पा सतरंजी टाकायचे, तो माणूस पालथा झोपायचा आणि अप्पा मला दोन्ही काखांत धरून त्याच्यावर उभं करायचे. "मार बाय," ते म्हणायचे. मी मारायची. डाव्या पायानं, टाचेनं, कमरेच्या वर. माणूस ओरडायचा, उठायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, गेली की हो! कधी खरंच जायची, कधी माझ्यासमोर नाही म्हणायची त्याला लाज वाटत असेल. घामट पाठी, केसाळ पाठी, कडुलिंबाचा वास येणाऱ्या पाठी, आडतवाल्याची लोण्यासारखी मऊ पाठ जिच्यात माझा पाय रुतायचा. एकदा आमचे हेडमास्तर आले. आदल्या दिवशी त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यांना मी जी लाथ घातली ती अजून माझ्या टाचेला आठवते. सगळ्या शाळेत हेडमास्तरांना लाथ मारायचा अधिकार असलेली मी एकटी होते, आणि ते उठून मला पेढा देऊन गेले.

मला ते आवडायचं, हेही कबूल केलं पाहिजे. सगळ्यांना मी हवी होते. फक्त आभाळ गडगडायला लागलं की अव्वा मला आतल्या खोलीत नेऊन दार लावून घ्यायची, पायाळूवर वीज पडते म्हणून, आणि बाहेर पोरं गारा वेचत असताना मी अंधारात ज्वारीच्या पोत्यांवर बसून माझे पाय बघायची. साधेच होते. मला बघायला उत्कर्षकडचे आले तेव्हा अव्वानं चहा द्यायच्याही आधी सांगून टाकलं की पोरगी पायाळू आहे, घरात सोडवली, काही झालं नाही तिला. अभिमानानंच सांगितलं. पण घरात सोडवली म्हणजे नक्की काय झालं, हे तिनं मला कधीच सांगितलं नाही. मी विचारलं की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. आता गॅस आला तरी तिला चुलीवरचंच आठवतं.

बाळ वळेल, अजून वेळ आहे, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि उत्कर्षनं ते फारच मनावर घेतलं. तो रोज काही ना काही पाठवायचा. कंबरेखाली उशा घालून झोप. गुडघ्यांवर रांग. पोटाच्या वरच्या बाजूला गार फडकं ठेव, खालच्या बाजूला टॉर्च लाव, बाळ उजेडाकडं येतं. मी सगळं केलं. मी, बसस्थानकावर आवाज चढवणारी बाई, दुपारी दार लावून चारी पायांवर घरभर रांगायची आणि पोटाखाली मोबाईलची टॉर्च धरायची, आणि अव्वा दारापलीकडून विचारायची, "काय हरवलंय गं?" बाळ हलायचं, खूप हलायचं, पण वळायचं नाही. लाथा खाली बसायच्या, मूत्राशयावर, की मला पळत जावं लागे. आणि डोकं बरगडीखाली. आता मला ते हाताला सापडायला लागलं होतं, टणक, गोल. दाबलं की जरा बाजूला व्हायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. बोलता बोलता, जेवता जेवता माझा हात तिथं जायचा. एखादी वस्तू मुठीत धरून ठेवावी तसं मी ते धरून बसायची, आणि मग एकदम भीती वाटायची की हे सगळ्यात मोठं आहे आणि हे सगळ्यात शेवटी येणार आहे.

रस्ते तीन होते. बाईंनी ते शांतपणे समजावले होते आणि मी ते दिवसभर उलटसुलट करत बसायची. सोलापूरला एक मोठे डॉक्टर आहेत, ते बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवायचा प्रयत्न करतात, निम्म्या वेळा फिरतं, निम्म्या वेळा नाही. नाही फिरलं तर सिझर. किंवा कळा येऊ द्यायच्या आणि तसंच पायांकडून बाळंत व्हायचं, जिथं तसं करणारे हात आहेत तिथंच, आणि तेही सगळं जमून आलं तर. बाईंचं बोलणं ऐकताना मी समजूतदार चेहरा केला होता. आत एकच गोष्ट चालली होती, जी मी कुणाला सांगू शकत नव्हते. मला मरायचं नव्हतं. बाळाला काही होऊ नये असं मला वाटत होतं, मनापासून वाटत होतं, पण ते दुसरं होतं. पहिलं हे होतं. आई होणाऱ्या बाईनं हे मनात आणायचं नसतं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी मला ते पक्कं माहीत होतं. म्हणून मी ते मनातल्या मनातही हळू म्हणायची, पोटातल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

अशातच एका सकाळी मी केस विंचरत बसले होते आणि सोप्यात कुणीतरी कण्हत आल्याचं ऐकू आलं. बघते तर शरणप्पा मामा, अप्पांचे जुने दोस्त, कमरेतून पार वाकलेले, भिंत धरून उभे. मी लग्न होऊन गेल्यापासून या सोप्यात असं कुणी आलं नव्हतं. अव्वानं सतरंजी टाकली होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मामांना उसण भरलीया. लई तरास हाय."

"अव्वा, मला नववा लागलाय."

"तुला काय उचलायचंय का? नुसता पाय लाव."

"आगं, तसं न्हाय," मामा भिंतीला धरूनच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "म्या म्हनलं, आता न्हाय तर कवा? आई पायाळू, पोटातलंबी पायाळू. असा योग मुरुमात तर सोडा, उमरग्यातबी कुनी बघितला नसंल. गिरणीत समद्या बाया हेच बोलायल्या, दीपा."

गिरणीत. म्हणजे अव्वा गिरणीत दळण टाकताना सांगून आली होती. माझं पोट, माझी सोनोग्राफी, माझं ते न वळलेलं डोकं, सगळं पिठात मिसळून घरोघरी गेलं होतं. मला इतका राग आला की मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मामा तोवर हाश्श हुश्श करत पालथे झालेही होते. पाठीवरचा सदरा वर सरकला होता. म्हातारी पाठ, मणके मोजून घ्यावेत अशी. मी का केलं ते मला आजही सांगता येत नाही. सवय म्हणा. मी खांब धरला आणि डावा पाय त्यांच्या कमरेवर नुसता टेकवला. त्याच वेळी आतून बाळानं असा काही पाय झाडला की मी "आई गं" म्हणून खांबाला मिठी मारली आणि माझी टाच मामांच्या कमरेत रुतली.

"दोन बसल्या!" शरणप्पा मामा खालून ओरडले. "यव्वा, दोन लाथा बसल्या!" ते उठले, सरळ उभे राहिले, आणि त्यांनी चक्क हात जोडले. माझ्याकडं नाही, माझ्या पोटाकडं. अव्वाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं. ती खूश होती. तिच्या पोरीच्या पोटात तिची पोरगीच पुन्हा बसली होती, एवढंच तिला दिसत होतं. मला मात्र त्या क्षणी सोप्यात रांग दिसली, सतरंजी दिसली, आणि कुणीतरी काखांत धरून उभं केलेलं माझं बाळ दिसलं. मी आत गेले आणि उत्कर्षला फोन लावला. "सोलापूरची वेळ घे," म्हटलं. "फिरवून बघू."

दुपारी अव्वा भाकरी थापता थापता बोलत होती, माझ्याशी कमी आणि परातीशी जास्त. "देवानं जसं बसवलंय तसं येऊ द्यावं. दाबून दाबून नाळ गुंडाळली मंजी गळ्याला? तू न्हाय का आलीस तशीच? म्या घरात सोडवली तुला. कुनी डॉक्टर नव्हता का फिक्टर नव्हता."

"कशी सोडवलीस, ते तरी सांग की एकदा."

तिचा हात थांबला. मग तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, ती वाकडी पडली, आणि ती तव्यालाच बोलली, "जळतंय बघ."

सोलापूरला निघालो तेव्हा ती गाडीत येऊन बसली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. इरकल नेसली होती, पिशवीत शेंगाची पोळी बांधून घेतली होती आणि सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. उत्कर्ष गाडी चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्याला मागं वळून विचारत होता, "बाळाला बसलं का?" नळदुर्ग आलं, गेलं. मला सारखं आडवं व्हावंसं वाटत होतं, नाही तर उभं राहावंसं वाटत होतं, आणि गाडीत दोन्ही करता येत नव्हतं.

सोलापूरचे डॉक्टर साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी एक इंजेक्शन दिलं, पोट सैल पडायला, आणि माझं काळीज धडधडायला लागलं. बाळाचे ठोके यंत्रावर टपटप टपटप ऐकू येत होते. मग त्यांनी पोटाला तेल लावलं आणि दोन्ही हात ठेवले, एक खाली, एक बरगडीपाशी, जिथं रोज माझा हात जायचा तिथं. "सैल सोडा," ते म्हणाले. "श्वास घ्या. दुखलं तर सांगा, मी लगेच थांबतो." दुखणं नव्हतं ते, निदान आधी तरी. कुणीतरी घराच्या आतून सामान हलवत होतं. कुल्ले वर उचलले जाताना मला कळले, डोकं खाली सरकताना कळलं, आणि एका क्षणी ते आडवं आलं, माझं सगळं पोट आडवं झालं, भलत्याच आकाराचं, आणि मला वाटलं, झालं, फिरलं. आणि मग आतून ताठ झालं. माझं पोट नव्हे, ते. मला शपथेवर सांगता येईल की त्यानं पाय रोवले. डॉक्टरांनी थोडा जोर लावला, मी दात आवळले, आणि यंत्रावरची टपटप हळू झाली. एकदम हळू. डॉक्टरांनी हात काढले. आतलं जे होतं ते सुळकन परत आपल्या जागी गेलं, डोकं वर, बरगडीखाली, आणि टप, टप, टपटप टपटप, ठोके पुन्हा पूर्वीसारखे झाले. मी रडत होते हे मला नर्सनं डोळे पुसले तेव्हा कळलं.

"आता पुरे," डॉक्टर म्हणाले. "याहून जास्त मी करणार नाही." थोड्या वेळानं त्यांनी आम्हा तिघांना खुर्च्यांवर बसवलं आणि उरलेले दोन रस्ते पुन्हा सांगितले. बाळाची कमर, माझी हाडं, वजन, सगळं बघता पायांकडून बाळंतपण अगदीच अशक्य नाही. त्यांच्याकडं निवडक बायकांची होतात. बहुतेक नीट होतात. क्वचित हात अडकतो, डोकं अडकतं, आणि तेव्हा वेळ फार थोडा असतो. सिझर बाळाला थोडं जास्त सुरक्षित, पण आईच्या दृष्टीनं ते शेवटी मोठं ऑपरेशनच, रक्तस्राव, टाके, पुढच्या खेपेला जुना व्रण. "घाई नाही. बाहेर बसा, बोला, मग सांगा." उत्कर्षनं विचारलं, "बाळासाठी काय चांगलं, सर?" डॉक्टर म्हणाले, "ते मी सांगितलं." आणि माझ्याकडं बघितलं. उत्कर्ष गाडी सावलीत लावायला गेला, खरं तर त्याला एकट्याला श्वास घ्यायचा होता, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

बाहेरच्या बाकावर अव्वा आणि मी. समोर एक बाई नवं बाळ घेऊन रिक्षाची वाट बघत होती. अव्वा त्या बाळाकडं बघत होती आणि एकदम, मी काही न विचारता, बोलायला लागली.

"तुझे पाय आले, कमर आली, मंग काय येईना. हात वर अडकलं हुतं. सुईण आत हात घालायची आन म्या वरडायची. तुझा अप्पा दाराबाहीर. किती येळ गेला काय की. म्या सुईणीला म्हनलं..." ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "म्या म्हनलं, पोरगं मेलं तर मरू दे, मला सोडीव. मला जगायचंय म्हनलं. चांगलं मोठ्यानं म्हनलं. अप्पांनी ऐकलं आसंल. त्यांनी कवा काडलं न्हाय तोंडातून."

मी बाकावर तिच्याजवळ सरकले.

"त्या सुईणीनं ऐकलं न्हाय माझं. म्हनून तू हाईस," अव्वा म्हणाली. "लई दिस तुला जवळ घ्यायला भ्या वाटायचं मला. वाटायचं, हिला कळलंय."

मला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. माझ्या अव्वानं, जिनं मला सगळ्या गावाला अभिमानानं दाखवलं, तिनं तेच म्हटलं होतं जे मी मनातही हळू म्हणत होते, आणि तिनं मोठ्यानं म्हटलं होतं, आणि तरीही ती माझी आई झाली होती, चांगली, चिडकी, पिशवीत पोळ्या बांधून आणणारी. मी तिचा हात धरला. "अव्वा," मी म्हणाले, "मलाबी जगायचंय."

ती माझ्याकडं वळली. किती तरी दिवसांत ती प्रथमच माझ्या पोटाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होती. "मंग?" ती म्हणाली. "तुला काय वाटतंय? बाळाचं न्हाय. तुझं."

मी विचार केला. खरं तर विचार झाला होता, फक्त तो बघायला मी धजत नव्हते. सुरीची मला भीती होती. पण त्या अंधाऱ्या जागेची जास्त होती, जिथं अर्धं बाळ बाहेर आहे आणि अर्धं आत, आणि बाईला ठरवावं लागतं कोण जगायचं. अव्वा तिथं गेली होती आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं इतकी वर्षं एकटीनं वागवलं होतं. माझ्याही तोंडून तेच निघालं असतं. मला त्या जागेपर्यंत जायचंच नव्हतं. "सिझर," मी म्हणाले. "मला तसलं काही म्हणायची पाळीच येऊ द्यायची नाही." अव्वानं नाळेचं, देवाचं, काहीच काढलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि मला उठवलं.

उत्कर्ष आला तोवर आम्ही डॉक्टरांच्या खोलीत होतो. मी सांगितलं. तो मोठा श्वास सोडून म्हणाला, "बाळासाठी हेच बरं." मी म्हणाले, "माझ्यासाठी पण." तो गोंधळला, मग त्याचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, "हो. हो गं. मी विचारलंच नाही तुला." डॉक्टरांनी कॅलेंडर बघून दिवस ठरवला, आधीच कळा आल्या तर थेट निघून यायचं म्हणाले, आणि विचारलं, त्या दिवशी पेशंटसोबत कोण राहणार.

"म्या," अव्वा म्हणाली. मग तिनं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि डॉक्टरांकडं वाकून, त्या खोलीत मावणार नाही इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आन सायेब, काय बी झालं तर आदी माझ्या पोरीला बघायचं."